चार फुटांवर

लिलावात बेलर स्वस्त पडला.
त्या डोंगराळ भागात तो पेलणारा ट्रॅक्टर
फारसा कुणाकडे नव्हता, हे मला नंतर कळलं.
लाल रंग, पट्टे जवळजवळ नवे,
पाच फुटी गोल गठ्ठा बांधणारा. मी हात वर केला.

घरी आणला तेव्हा ऑर्व्हल टीटर फाटकाशी उभा होता,
दोन बोटं नसलेला उजवा हात खिशात घालून.
ट्रॅक्टरकडे पाहिलं. बेलरकडे पाहिलं.
"ओढील," म्हणाला, "ओढायचं काय एवढं.
थांबवील का ते बघ."

पंचेचाळीस हॉर्सपॉवर, आईच्या वेळचा ट्रॅक्टर.
बेलरच्या पुस्तकात साठ लिहिलेले, तेही कमीत कमी.
मी म्हटलं, पुस्तकवाल्यांना पुढचं मॉडेल विकायचं असतं.
ऑर्व्हल काही बोलला नाही.
हायड्रॉलिकच्या नळीचं टोक शर्टाला पुसून
त्यानं खटकन बसवून दिलं.

ओढ्याकाठचं सपाट रान पहिलं घेतलं.
टिमोथी गवत, तीन दिवस वाळलेलं,
मुठीत पिळलं तर चुरचुरणारं.
पीटीओ पाचशे चाळीसवर, ट्रॅक्टर खालच्या गियरमध्ये,
आणि मी एखादी राणी असल्यासारखी ओळीच्या मधोमध.
पहिला गठ्ठा बाहेर पडला तो गठ्ठा नव्हताच,
मध्ये फुगलेला, कडांना पोकळ,
भोपळ्यालाही लाज वाटावी असा.

"ओळ अरुंद, तोंड रुंद," ऑर्व्हल ओरडला,
"डावीकडून भरव, मग उजवीकडून.
दर पावलाला नाही! नागासारखी वळवळू नकोस.
थोडं लांब जा, मग बाजू बदल."
काट्यांवर नजर ठेवून मी शिकले:
डावा काटा चढला की उजवीकडे,
उजवा चढला की डावीकडे,
मधे राहायचा मोह टाळायचा.

मग टेकडीवरचं रान.
चढताना इंजिन गुरगुरलं, काळा धूर सोडला, पण गेलं.
उतरताना पोटात पाच फुटी गठ्ठा, हजारभर पौंडांचा,
आणि मागून कुणीतरी मला ढकलत होतं.
ब्रेक लागले होते. चाकं फिरत नव्हती.
तरी आम्ही जात होतो,
ट्रॅक्टर, बेलर, मी आणि ते सगळं गवत,
कुंपणाच्या दिशेनं, अगदी सावकाश,
सभ्य माणसांसारखे.

एका जुन्या अक्रोडाच्या खुंटानं आम्हाला अडवलं.
मी स्टिअरिंग सोडत नव्हते.
ऑर्व्हल धापा टाकत वर आला,
बराच वेळ खुंटाकडेच बघत राहिला.
"डेल्फिया," म्हणाला, "मशीन पाच फुटांचं आहे
म्हणून गठ्ठा पाच फुटांचा करायचा, असं कुठे लिहिलंय?"

त्या संध्याकाळी आम्ही घंटीची खूण मागे सरकवली.
चार फूट झाले की वाजेल.
वाजली की थांबायचं, दोरा गुंडाळू द्यायचा,
उताराला ट्रॅक्टर आडवा लावायचा, बेताबेतानं,
मगच मागचं दार उघडायचं.
सरळ उतारावर सोडलेला गठ्ठा
परत बोलावता येत नाही.
टीटरांचा एक गठ्ठा असाच सुटला होता,
थेट चर्चच्या अंगणात, रविवारी, प्रार्थना चालू असताना.
ते हसून सांगतात. तेव्हा कुणी हसलं नसणार.

गठ्ठे जास्त झाले, दोरा जास्त लागला,
दोन दिवसांचं काम तिसऱ्या दिवसावर गेलं.
माझ्या भावानं फोनवर विचारलं,
मोठं मशीन घेऊन लहान गठ्ठे?
मी म्हटलं, हो.

आणि तो भोपळा?
तो अजून ओढ्याकाठी बसला आहे, एका कुशीवर कललेला.
कालवडी आधी त्यालाच खायला जातात.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या ओळीत, गवत तोंडाशी अडकलं.
मी उतरायला पाय खाली टाकला,
आणि ऑर्व्हलनं खिशातला हात बाहेर काढला.
काही बोलला नाही. नुसता धरला, उन्हात.

मी परत वर चढले. पीटीओ बंद. इंजिन बंद. किल्ली खिशात.
पट्टे तरी फिरतच होते,
आपल्याच वेगाच्या आठवणीत, थोडे, अजून थोडे.
आम्ही दोघं उभे राहिलो,
ते पुरते थांबेपर्यंत.